बराकीतले शिक्षण आणि विद्यापीठाची पदवी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सिल्लोड तालुक्यात पहाटे पाच वाजता कोणत्याही गावाच्या फाट्यावर उभे राहा. मका, कापूस आणि मिरचीच्या शेतांमधून जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेने दहा-पंधरा पोरे धावताना दिसतील. कोणी अनवाणी, कोणी थोरल्या भावाचे बूट घालून. ही सैन्यभरतीची तयारी. सोळाशे मीटर किती मिनिटांत काढायचे, छाती किती फुगली पाहिजे, हे त्यांना तोंडपाठ असते. घरी कोरडवाहू चार एकर आणि त्यात दोन भाऊ वाटेकरी असले, की भरती हा साऱ्या घराचा आधार ठरतो. पण भरती झाल्यावर तिथे जे शिकायला मिळते, त्याची पुढे कागदावर काय किंमत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आज मी तोच विचारणार आहे.

माझा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी आला. तीस वर्षे मी महाविद्यालयात भूगोल शिकवला, आणि त्यातली बरीच वर्षे एन.सी.सी.चा अधिकारी म्हणून गणवेशही चढवला. त्यासाठीचे प्रशिक्षण नागपूरजवळच्या कामठीच्या अकादमीत घेतले. त्यामुळे सुटीवर आलेले, निवृत्त होऊन आलेले आणि भरतीला निघालेले असे तिन्ही प्रकारचे लोक माझ्या घरी येत राहिले. कोणाला अर्ज लिहून हवा असतो, कोणाला प्रवेशाची माहिती हवी असते. त्यांच्याशी बोलता बोलताच हा विषय माझ्या मनात पक्का झाला.

आमच्याकडे सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला गाव ‘मेजर’ म्हणते. तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की हवालदार म्हणून, पारावर त्याला ‘या मेजर, बसा’ असेच म्हणायचे. हा मान खरा असतो. मात्र हे मेजर जेव्हा एखाद्या कार्यालयात किंवा महाविद्यालयात अर्ज घेऊन जातात, तेव्हा ‘शिक्षण’ या रकान्यात त्यांना लिहावे लागते, ‘बारावी उत्तीर्ण’. कधी कधी नुसते ‘दहावी’. मधल्या सतरा-अठरा वर्षांत ते काहीच शिकले नाहीत, असा त्या रकान्याचा अर्थ होतो. वय असते सदतीस-अडतीस. पुढे पंचवीस वर्षे काम करण्याची ताकद अंगात असते, आणि हातात मार्कमेमो असतो तो विशीच्या आतला.

नकाशा येतो, पण निबंध येत नाही

मला आठवतात ते असेच एक हवालदार. निवृत्तीनंतर त्यांनी बी.ए.ला नियमित प्रवेश घेतला आणि भूगोल विषय निवडला. वर्गातली मुले त्यांना ‘मेजर काका’ म्हणत. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात स्थलनिर्देशक नकाशा वाचायला शिकवावा लागतो. भारतीय सर्वेक्षण खात्याचा तो नकाशा, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाचा. समोच्च रेषांवरून डोंगर कुठे उभा आहे आणि कुठे सौम्य उताराचा आहे हे ओळखायचे, सांकेतिक खुणांवरून विहीर, मंदिर, पायवाट शोधायची. मुलांना हे समजायला आठवडेच्या आठवडे लागतात. मेजरांनी नकाशा हातात घेतला, टेबलावर उत्तर दिशेला लावून ठेवला, आणि दोन मिनिटांत अजिंठ्याच्या डोंगरातली एक खिंड दाखवून म्हणाले, ‘सर, इथून वर चढता येईल. पलीकडच्या बाजूने नाही. रेषा फार जवळ आल्यात.’

पण त्याच मेजरांना जेव्हा वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांजवळ नालासारखे वळण का घेते, यावर चार पाने लिहायला सांगितली, तेव्हा त्यांचे पेन अडले. खडकाचे प्रकार, नदीचे खननकार्य, कारणे आणि परिणाम यांची सुसंगत मांडणी करणे हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. ते त्यांनी वर्गात बसून शिकून घेतले, आणि चांगले शिकून घेतले.

या एका उदाहरणात माझे सगळे म्हणणे आले आहे. त्या मेजरांना नकाशावाचनाच्या तासांना अठरा वर्षांच्या मुलांबरोबर बसवण्यात कोणाचाही फायदा नव्हता. ते ज्ञान त्यांच्यापाशी होते; त्याची परीक्षा घेऊन तेवढे गुण त्यांच्या नावावर जमा करायला हवे होते. आणि नदीचे खननकार्य मात्र त्यांना शिकवायलाच हवे होते. सैन्यात असल्यामुळे ते येतच असेल, असे धरून पदवी देऊन टाकणे हाही अन्यायच झाला असता, त्यांच्यावर आणि त्या पदवीवरही. जे येते त्याची मोजून नोंद करा, जे येत नाही ते शिकवा. साधा हिशेब आहे.

भूगोलाचा मास्तर म्हणून आणखी एक सांगतो. आपण ज्याला शास्त्रशुद्ध नकाशा म्हणतो, तो या देशात सैनिकांनीच काढला. १८०२ साली दक्षिणेत ज्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात झाली, ते विल्यम लॅम्ब्टन लष्करातले अधिकारी होते. अजिंठ्याची लेणी १८१९ साली ज्याने पाहिली आणि जगाला कळवली, तो जॉन स्मिथही लष्करातलाच. पुढे लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी अजिंठ्यात वर्षानुवर्षे राहिलेले रॉबर्ट गिल हेही लष्करी अधिकारीच होते. बराक आणि विद्या यांचे नाते आमच्या परिसराला नवे नाही.

सैन्यात काय शिकवतात?

पुष्कळांची समजूत असते की सैन्यात कवायत आणि बंदूक एवढेच शिकवतात. प्रत्यक्षात भरती झालेला मुलगा पहिले काही महिने मूलभूत प्रशिक्षण घेतो आणि पुढे आपापल्या शाखेचे काम शिकतो. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला जवान पूल बांधणे, पाण्याची सोय करणे, सुरुंग शोधणे शिकतो. अहिल्यानगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात रणगाड्याचा चालक आणि वायरलेसवाला तयार होतो. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात तोफची शिकतो. त्याला अंतर, कोन आणि वारा यांचे गणित समजावे लागते. वैद्यकीय शाखेतला जवान प्रथमोपचार, मलमपट्टी आणि रुग्णसेवा शिकतो. कोणी मोटार मेकॅनिक, कोणी भांडारपाल, कोणी लिपिक, कोणी स्वयंपाकी. बढतीसाठी पुन्हा कोर्स असतात, परीक्षा असतात. नायक किंवा हवालदार झाल्यावर दहा-बारा माणसांची तुकडी सांभाळावी लागते. तिची हजेरी, हत्यारे, जेवण, आजारपण आणि भांडणेसुद्धा त्यालाच बघावी लागतात. व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत ज्याला ‘मनुष्यबळ’ म्हणतात, ते हेच.

शिवाय सैन्य ही आपल्याकडची एक जुनी शाळा आहे, हे महाराष्ट्राने तरी विसरू नये. कंपनी सरकारच्या सैन्यात सैनिकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचे होते, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या शाळेने एका घरात अक्षर आणले, आणि त्या घरातून पुढे काय घडले हे मी सांगायला नको. आज आमच्या मराठवाड्याचे विद्यापीठ त्याच घरातल्या मुलाच्या नावाने ओळखले जाते.

सध्या काय मिळते?

आता व्यवहाराकडे वळू. सैनिकी प्रशिक्षणाला शिक्षणाच्या जगात सध्या कुठे कुठे मान्यता आहे?

पहिले उदाहरण आपल्याच राज्यातले, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे. तिथे तीन वर्षे शिकून बाहेर पडणाऱ्या छात्राला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. ३० मे २०२५ रोजी तिथून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, बाहेर पडली. त्यांनाही ती वाट मिळाली. प्रबोधिनीत इतिहास, गणित, भौतिकशास्त्र असे विषय रीतसर शिकवले जातात, म्हणून ही पदवी योग्यच आहे. पण एक गोष्ट यातून सिद्ध होते. सैन्य आणि विद्यापीठ यांनी एकत्र बसायचे ठरवले, की गणवेशातल्या माणसाला पदवी देता येते. अधिकाऱ्यासाठी जे जमले, ते जवानासाठी वेगळ्या रीतीने का होईना, जमायला हवे.

दुसरी सोय नोकरीपुरती आहे. दहावी उत्तीर्ण असलेल्या, किंवा लष्कराचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र मिळवलेल्या आणि पंधरा वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला, जिथे पदवी मागितली आहे अशा काही पदांसाठी अर्ज करता येतो. त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची अट मात्र नसावी लागते. केंद्र सरकारचा हा नियम १९८६ पासूनचा आहे, आणि महाराष्ट्रातल्या सरळसेवा भरतीच्या जाहिरातींतही अशी तरतूद वाचायला मिळते. राज्यात गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांना पंधरा टक्के आरक्षण असल्यामुळे ही तरतूद फार उपयोगाची आहे.

इथे एक गैरसमज होतो, आणि तो मी अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे. एक निवृत्त नायक ‘पदवीसमान’ असे लिहिलेला कागद घेऊन एम.ए.च्या प्रवेशासाठी एका विद्यापीठात गेले. खिडकीतल्या लिपिकाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. तो नियमाने बरोबर होता. पदवीसमान म्हणजे नोकरीच्या अर्जापुरते पदवीधरासारखे, पदवीधर नव्हे. त्या कागदावर एम.ए., बी.एड. किंवा एलएल.बी.चा प्रवेश होत नाही. हे त्या नायकांना पंधरा वर्षांत कोणी समजावून सांगितले नव्हते. ते मला म्हणाले, ‘सर, सरकार म्हणते मी ग्रॅज्युएट आहे आणि विद्यापीठ म्हणते नाही. मी नेमका कोण?’ या प्रश्नाला माझ्याकडे गमतीचे उत्तर नव्हते.

तिसरी गोष्ट इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची. २००९ मध्ये इग्नू आणि लष्कर यांनी ‘ज्ञानदीप’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. सेवेत घेतलेल्या प्रशिक्षणाला विद्यापीठाने मान्यता द्यावी आणि उरलेला अभ्यास दूरशिक्षणाने पुरा करून जवानाने पदवी घ्यावी, ही त्यामागची कल्पना. हवाई दलासाठी ‘आकाशदीप’ आणि नौदलासाठी ‘सागरदीप’ अशी भावंडेही निघाली. पण ज्या सामुदायिक महाविद्यालयांच्या योजनेवर हे उभे होते, ती योजनाच इग्नूने काही वर्षांत थांबवली. कल्पना चांगली होती, खांब कच्चा निघाला.

अग्निवीरांचा प्रश्न

ही कल्पना पुन्हा पुढे आली ती २०२२ मध्ये. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या मुलांना चार वर्षांसाठी घ्यायचे आणि त्यांतल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम करायचे, असे तिचे स्वरूप. पहिल्या वर्षी वयाची मर्यादा तेवीसपर्यंत वाढवली होती. दुसऱ्याच दिवशी शिक्षण मंत्रालयाने अग्निवीरांसाठी तीन वर्षांच्या खास पदवीची घोषणा केली. तिचा हिशेब असा. पदवीला लागणारे निम्मे श्रेयांक अग्निवीराला सैन्यात मिळणाऱ्या कौशल्य-प्रशिक्षणातून मिळतील. उरलेले निम्मे इग्नूचे विषय शिकून मिळवायचे. त्यात भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, लोकप्रशासन, वाणिज्य, पर्यटन, शेती असे पुष्कळ विषय आहेत, शिवाय पर्यावरण आणि इंग्रजी संभाषण. (घोषणेत नावे घेतलेल्या विषयांत भूगोल नव्हता, याची मला थोडी चुटपुट लागली!) पहिल्या वर्षानंतर थांबले तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. दहावीवर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावी करण्याचीही सोय ठेवली आहे.

अग्निपथ योजना बरी की वाईट, हा आजचा विषय नाही. त्यावर मते वेगवेगळी आहेत आणि असणारच. पण तिने एक गोष्ट तातडीची केली. पूर्वीचा जवान अडतिसाव्या वर्षी परत येत होता आणि त्याला पेन्शन होती. अग्निवीर बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी परत येणार. त्याच्या हातात सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख रुपये असतील, पेन्शन नसेल. त्याच्या वर्गातली, कॉलेजात गेलेली मुले तोवर पदवीधर झालेली असतील. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाल्या. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात.

भराडीकडच्या एका बाईंचा मुलगा अग्निवीर आहे. त्या एकदा मला म्हणाल्या, ‘सर, पैसे येतील, ते घराला आन् बहिणीच्या लग्नाला जातील. मग त्याच्यापाशी काय राहील?’ मी त्यांना मुलाचा फोन नंबर मागितला आणि त्याच्याशी बोललो. इग्नूच्या पदवीबद्दल त्याने ऐकले होते, पण पुढची चौकशी केली नव्हती. ‘सर, ड्यूटीतून वेळ मिळत नाही,’ म्हणाला. वेळ मिळत नसेल हे खरे आहे. पण निम्मी पदवी तो ड्यूटीतच मिळवत आहे, हे त्याला कोणी तरी समजावून सांगायला हवे ना?

श्रेयांक मोजतात कसे?

श्रेयांक म्हणजे क्रेडिट. हा शब्द आता कॉलेजातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी आहे, पण पालकांना तो परका वाटतो. म्हणून थोडे सोपे करून सांगतो. २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जो राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला, त्यात वर्षाचे शिकण्याचे तास १२०० धरले आहेत आणि त्यांचे ४० श्रेयांक होतात. म्हणजे तीस तासांचे शिकणे, एक श्रेयांक. हे शिकणे वर्गातले असो, कार्यशाळेतले असो की मैदानावरचे. कामाच्या अनुभवालाही त्यात स्थान आहे. संबंधित कामाचा सात वर्षांहून अधिक अनुभव असेल, तर मूळ श्रेयांक दुपटीपर्यंत धरता येतात. पण एक अट आहे, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मूल्यमापन झाल्याशिवाय श्रेयांक नाही.

समजा, एखाद्या जवानाने नकाशावाचन आणि दिशाशोधन यांचे मिळून तीनशे तासांचे प्रशिक्षण घेतले. त्याची परीक्षा झाली आणि तो उत्तीर्ण झाला, तर दहा श्रेयांक होतात. मिळालेले श्रेयांक साठवून ठेवण्यासाठी २०२१ पासून शैक्षणिक श्रेयांक पेढी आहे. विद्यार्थी तिला ‘ए.बी.सी.’ म्हणतात. बँकेत पैसे ठेवावेत तसे श्रेयांक तिथे जमा राहतात आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेता येतात.

एन.सी.सी.च्या बाबतीत तर हे सुरू झालेच आहे. २०२१ मध्ये एन.सी.सी. हा चोवीस श्रेयांकांचा ऐच्छिक विषय म्हणून महाविद्यालयांपुढे ठेवला गेला. आमच्या काळी छात्र पहाटे परेड करून घामाघूम होऊन वर्गात येत, आणि त्या श्रमाचा पदवीच्या मार्कमेमोवर मागमूस नसे. आता तो उमटू शकतो. छात्राच्या परेडला श्रेयांक देता येतात, तर जवानाच्या सेवेला देताना हात का आखडावा?

अमेरिकेने घेतलेला धडा

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या पुष्कळ महाविद्यालयांनी परत आलेल्या सैनिकांना सरसकट श्रेयांक देऊन टाकले. सैन्यात होतास ना, मग घे. हेतू कृतज्ञतेचा होता, पण जे शिकलेच नव्हते त्याचेही गुण मिळाल्याने पुढच्या वर्गात अनेकांची तारांबळ उडाली आणि शिक्षकही नाराज झाले. दुसऱ्या महायुद्धात हे टाळायचे ठरले. १९४४ मध्ये सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा झाला. १९४५ पासून अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने लष्करातले अभ्यासक्रम प्राध्यापकांकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. अभ्यासक्रमात काय शिकवतात, किती तास, परीक्षा कशी होते, हे पाहून ते शिफारस करतात: याला अमुक विषयात इतके श्रेयांक द्यावेत. ते द्यायचे की नाही, हे शेवटी महाविद्यालय ठरवते. ही पद्धत आजही चालू आहे.

त्यांच्याकडेही सगळे आलबेल नाही. श्रेयांक मिळतात, पण घ्यायच्या पदवीच्या मुख्य विषयात ते बसत नाहीत आणि नुसते शिलकीत पडून राहतात, ही तक्रार तिथे जुनी आहे. आपण हा धडा आधीच घ्यावा. जवानाला श्रेयांक दिले, एवढ्यावर समाधान मानू नये. ते कोणत्या विषयाच्या कोणत्या पेपरच्या बदल्यात धरायचे, हे विद्यापीठाने लिहून ठेवले पाहिजे.

दोन आक्षेप

यावर माझे प्राध्यापक मित्र म्हणतात, अशाने पदवीची किंमत उतरेल. मी त्यांना विचारतो, परीक्षा घेऊन दिलेल्या श्रेयांकाने किंमत कशी उतरेल? उतरते ती न शिकता, न तपासता दिलेल्या गुणांनी. आणि तसे गुण कुठे कुठे दिले जातात, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. त्यासाठी जवानाकडे बोट दाखवायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप खुद्द काही माजी सैनिकांचा असतो. ‘आम्ही बर्फात उभे राहिलो, आता पुन्हा परीक्षा कसली देता?’ त्यांची भावना मी समजू शकतो. पण त्यांना मी नम्रपणे सांगतो, बर्फात उभे राहिल्याबद्दल देश तुमचा ऋणी आहे, आणि ते ऋण पेन्शन, पदक आणि मानाने फेडायचे असते. पदवी हे बक्षीस नाही. ती तुम्हाला काय येते त्याची साक्ष आहे. उपकार म्हणून मिळालेला कागद उद्या कोणीही हसून बाजूला ठेवील. मोजून मिळालेला कागद कोणाला बाजूला ठेवता येणार नाही.

आता करायचे काय?

शेवटी काही गोष्टी सुचवतो.

सेवेत असलेल्या मुलांनी आपल्या प्रत्येक कोर्सचा कागद जपावा. कोर्सचे नाव, कालावधी, निकाल आणि जमल्यास अभ्यासक्रमही. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुकात सगळे येतेच असे नाही. अग्निवीरांनी आपल्या युनिटमध्ये इग्नूच्या पदवीची चौकशी पहिल्याच वर्षी करावी. चौथ्या वर्षी घाई करून तीन वर्षांचा अभ्यास होत नाही.

घरच्यांनीही फोनवर ‘जेवलास का, सुटी कधी’ याबरोबर ‘अभ्यासाचे काय झाले’ हेही विचारावे. आईच्या प्रश्नाला पोरगा टाळत नाही.

महाविद्यालयांनी एका तरी शिक्षकाकडे हे काम सोपवावे. माजी सैनिक अर्ज घेऊन आला, तर त्याचे कागद वाचून ‘तुम्हाला हे येते, हे शिकावे लागेल’ असे सांगणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी असला पाहिजे. सिल्लोडच्या माणसाला दर वेळी पासष्ट किलोमीटरवर संभाजीनगरला जायला लावू नये.

आणि विद्यापीठांना, विशेषतः आपल्या राज्याच्या मुक्त विद्यापीठाला, माझी एक विनंती आहे. इग्नूची योजना जाहीर झाली ती सेवेतल्या अग्निवीरांसाठी. पण त्यांच्या आधी सतरा-सतरा वर्षे सेवा करून घरी आलेले हजारो जवान आपल्या गावागावांत आहेत. त्यांचे प्रशिक्षण जास्त, अनुभव त्याहून जास्त. त्यांच्या ज्ञानाची परीक्षा घेऊन श्रेयांक देण्याची रीतसर खिडकी त्यांच्यासाठीही उघडावी. नाशिकचे हे विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद आहे आणि त्याला नाव आहे यशवंतराव चव्हाणांचे. १९६२ च्या चीन युद्धाच्या कठीण दिवसांत यशवंतराव दिल्लीला जाऊन देशाचे संरक्षणमंत्री झाले. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने माजी जवानाला पहिली जागा द्यावी, याहून उचित काय असेल?

त्या बी.ए. झालेल्या मेजरांचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्यांनी एम.ए.ही केले. आज ते भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना नकाशा, गणित आणि सामान्यज्ञान शिकवतात. फीबद्दल ते फारसे बोलत नाहीत, पण प्रवेश देताना एक अट घालतात. प्रत्येक मुलाने एक जाड वही करायची आणि सैन्यात जो जो कोर्स होईल, त्याची तारीख, तास आणि निकाल तिच्यात लिहून ठेवायचा. माझ्या मते प्रत्येक भरती केंद्राच्या दारात अशी एक वही मिळायला हवी.